मधुवंतीबाईंचे तिकोनी खण

...आणि गार्गीने डोळे गच्च मिटून तो खण दोन्ही हातांत घेतला, इथवर आलो होतो ना आपण काल? मग चहा आला, चहाबरोबर बटर आलं, बटरावरून मी आमच्या गावच्या बेकरीवाल्याच्या गाढवाकडे वळलो आणि मधुवंतीबाई राहूनच गेल्या. माझं असंच होतं. लेक म्हणते, "आबा, तुमच्या गोष्टीला ब्रेक नाही, नुसतं स्टिअरिंग आहे." असू दे. आज गाढव नाही. पण काल जे नव्हते त्यांना एकदम खण हातात दिला तर कळायचं नाही, म्हणून जरा मागून येतो.

मी राहतो लेकीकडे, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, म्हणजे स्विमिंग पूलवाल्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. लेक चैत्राली नोव्हेनाला एका हॉस्पिटलात हिशेब बघते. जावई क्षितिज तुआसला कारखान्यात. दोघं सकाळी जी बाहेर पडतात ती दिवे लागल्यावर येतात. नात गार्गी पाचवीत. इथं त्याला पी-फाइव्ह म्हणतात, आणि पुढच्या वर्षी जी परीक्षा असते तिचं नाव घरात हळू आवाजात घेतात. मला मात्र इथलं सगळं आवडतं. लिफ्ट बोलते ते आवडतं. बसचा ड्रायव्हर मला 'अंकल' म्हणतो ते आवडतं. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, तीही देवळाच्या ओवरीत. तिथून निघालेला माणूस सकाळी स्विमिंग पूलच्या कडेला बसून पेपर वाचतो, मग आणखी काय पाहिजे?

तर त्या पूलच्या कडेलाच मधुवंतीबाई भेटल्या. त्या दिवशी गार्गी टेबलावर वर्कशीट पसरून रडकुंडीला आली होती. पानभर त्रिकोण. कुठला कुठल्या जातीचा ते ओळखायचं. मी आपला चष्मा पुसून बघितलं आणि मोठ्यांदा म्हणालो, "अगं, हा तर समद्विभुज! दोन बाजू सारख्या, तिसरी वेगळी."

"व्हॉट भुज?" गार्गी म्हणाली.

आणि मागून आवाज आला, "कोण म्हणालं समद्विभुज?"

मी वळून बघतो तर एक बाई उभ्या. साठी ओलांडलेल्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. त्या रोज पूलभोवती चालायच्या, मला त्या तामिळ वाटायच्या. मी त्यांना बहुधा गुजराथी वाटत असणार, कारण मी रोज "गुड मॉर्निंग" म्हणायचो आणि त्या "केम छो"च्या थाटात मान डोलवायच्या. वर्षभर आम्ही दोन मराठी माणसं एकमेकांना परकी समजून पूलभोवती फिरलो!

"मी म्हणालो," मी म्हटलं.

"सांगलीला शाळेत शेवटचा ऐकला होता हा शब्द," त्या म्हणाल्या. "त्यानंतर आज." आणि खुर्ची ओढून बसल्याच. पिशवीतून पेन्सिल काढली. पिशवीत पेन्सिल ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. बँकेत हिशेबनीस होत्या, निवृत्त झाल्या तरी सवय गेली नव्हती.

तेव्हापासून गार्गीची शिकवणी सुरू झाली. दर बुधवारी आणि शनिवारी चार वाजता, अकराव्या मजल्यावर, बाईंच्या घरी. फी काही नाही. मी सोबतीला जायचो, म्हणजे चहाला जायचो. त्या गार्गीला कोन शिकवायच्या आणि मी मधे मधे गावच्या गोष्टी सांगायचो. गार्गी म्हणायची, "आबा, नॉट नाउ लाह," आणि बाई म्हणायच्या, "सांगू दे गं. तुझं गणित होईल, पण ही गोष्ट पुन्हा अशी यायची नाही." असं कोणी माझ्या गोष्टीबद्दल गेल्या चाळीस वर्षांत म्हटलेलं नाही.

बाईंच्या घराबद्दल सांगायचं तर घर नीट, अगदी नीट. सोफ्याच्या उश्या अशा उभ्या की कोणी टेकून बसलंय असं कधी वाटायचं नाही. त्यांचे यजमान शैलेंद्र तुआसला जहाजाच्या गोदीत इंजिनियर होते, ते जाऊन काही वर्षं झाली. मुलगा सारंग मेलबर्नला. तो रविवारी फोन करतो, न चुकता. एकदा गार्गीचे पायमोजे तिथं राहिले म्हणून आम्ही रविवारी वर गेलो, तर फोन चालू होता. बाई सांगत होत्या, भाजी काय केली, पाऊस किती पडला. मग तिकडून त्याने विचारलं असणार, कारण बाई म्हणाल्या, "बाकी? बाकी काही नाही." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आबा, 'बाकी'त काय सांगावं ते आठवडाभर ठरवून ठेवते. वेळ आली की काही नाही असंच निघतं तोंडातून."

आणखी एक सांगतो, मग पुढे जातो. एकदा मी विचारलं, "तुम्ही मंगळवारी सकाळी सकाळी कुठं जाता हो? नोकरी तर संपली." तर म्हणाल्या, "एमआरटीत बसायला." एमआरटी म्हणजे इथली मेट्रो.

"कुठं जायला?"

"कुठं नाही. ऑफिसच्या वेळेला जाते, गर्दीत. शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या वेळेला लोक अगदी चिकटून उभे राहतात ना. खांद्याला खांदा लागतो." आणि हसल्या. "घरी कोणाचा लागणार?"

मी हसलो नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की गार्गी वर जाते ती काय फक्त त्रिकोण शिकायला नाही. हॉस्पिटलातून अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा जो मशिनचा फोन येतो ना, एक दाबा, दोन दाबा म्हणणारा, त्यालाही बाई शेवटी "थँक्यू हं" म्हणतात. मी स्वतः ऐकलंय.

आता मूळ गोष्ट. शाळेत टेस्ट झाली आणि गार्गीचा एक प्रश्न पुरता चुकला. त्रिकोणाचाच. कागद मी बघितला. एक त्रिकोण काढलेला, भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखा: एक बाजू खाली आडवी, एक सरळ उभी, तिसरी तिरपी. कोपऱ्यात काटकोनाची चौकोनी खूण. आणि आडव्या नि उभ्या बाजूवर एकेक छोटी रेघ, म्हणजे या दोन सारख्या. वरचा कोन किती, एवढंच विचारलेलं. गार्गीने 'राइट-अँगल्ड' असं लिहिलं होतं आणि पुढे कोरं.

चैत्राली हॉस्पिटलातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून कागद बघत उभी. "अगं, रेघा आहेत ना दोन? दोन्ही बाजूंना! हा आयसोसेलिस नाही का?"

"नो," गार्गी म्हणाली. "आयसोसेलिस इज लाइक अ रूफ. धिस वन इज राइट-अँगल्ड."

"दोन्ही असू शकतो ना!"

"हाऊ कॅन बी बोथ?"

चैत्रालीने माझ्याकडे बघितलं. "आबा, काकू छान आहेत, मान्य. पण इतके महिने जाऊन हिला त्रिकोण जरा फिरवला की ओळखू येत नाही. पुढच्या वर्षी काय करायचं? मी सेंटरला नाव घालते."

सेंटर म्हणजे इथल्या शिकवण्या. मॉलमध्ये असतात, काचेच्या खोल्या, दारावर हसऱ्या मुलांचे फोटो. मी म्हटलं, "अगं, बाईंना काय सांगायचं?"

"तेच कळत नाही. पुढची टेस्ट होईपर्यंत थांबते. तीही अशीच गेली तर मग घालायचंच."

आता ही गोष्ट मी बाईंना सांगणार नव्हतो. पण गार्गीच्या पोटात काही राहत नाही. बुधवारी वर गेलो तसं चपला काढता काढताच म्हणाली, "मधू आजी, इफ आय फेल अगेन मम्मी विल सेंड मी टू द सेंटर."

बाई चहाचं आधण ठेवत होत्या. आधण ठेवून झालं, गॅस लागला, तरी त्या तशाच ओट्याकडे तोंड करून उभ्या. मग म्हणाल्या, "हो का? मग नापास होऊन कसं चालेल?" आवाज हसराच होता. पण साखर घालायला विसरल्या. तो चहा मी तसाच बिनसाखरेचा प्यालो.

मग त्यांनी तो चुकलेला प्रश्न बघितला. तोच त्रिकोण दुसऱ्या कागदावर काढून, घराच्या छपरासारखा, तिरप्या बाजूवर बसवून दाखवला.

"हा कुठला?"

"आयसोसेलिस."

कागद फिरवला. "आता?"

"राइट-अँगल्ड."

"अगं, कागद तोच आहे ना?"

"यू टर्न्ड इट," गार्गी अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, जणू बाईंनाच येत नाही.

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि छातीशी धरून खणांची एक चळत घेऊन आल्या.

खण माहीत आहेत ना? चोळीचे. इरकली काठाचे, गडद रंगाचे. ओटी भरताना तो कसा घडी घालून देतात, तिकोनी! लांब पट्टी करायची, कोपरा तिरपा उचलायचा, पुन्हा सरळ, पुन्हा तिरपा, आणि उरलेलं टोक आत खोचायचं. ते सगळे खण तसेच, दिले तसे, तिकोनी. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

"एवढे!" मी म्हटलं. "शिवले का नाहीत?"

"शिवून घालायचं कुठं? बँकेत?" बाई एकेक खण टेबलावर मांडत होत्या. "हळदीकुंकवाचे आहेत थोडे. पण बरेचसे जाणाऱ्यांचे."

"कुठं जाणाऱ्यांचे?"

"इथं माणसं नोकरीच्या पासवर येतात ना आबा. पास संपला, कंपनी बदलली, की गेली. इथल्या मराठी मंडळातल्या बायका जाताना निरोपाला यायच्या, ओटी भरायच्या एकमेकींची. हा हिरवा क्षिप्राचा, ती दुबईला गेली. आमच्या समोरच राहायची. तिची मुलगी माझ्या मांडीवर बसून जेवायला शिकली. हा नीलिमाचा. पुण्याला परत. हा वांगी रंगाचा..." त्या थांबल्या. "हिचं नाव बघा आता आठवत नाही. रोज संध्याकाळी फिरायला यायची माझ्याबरोबर. आणि नाव आठवत नाही."

"शेवटचा कोणाचा?" मी आपलं विचारलं. विचारायला नको होतं.

"शैलेंद्र गेले त्याच्या आधीचा. त्यानंतर येतात त्या पेढे घेऊन येतात." आणि पुढे अगदी सहज म्हणाल्या, "एका हळदीकुंकवाला बोलावलं होतं मंडळाने, आग्रहाने. गेले. एक बाई ओळीने कुंकू लावत आल्या, माझ्यापर्यंत आल्या, आणि त्यांचा हात असा कपाळाच्या समोर थांबला. पुढेही येईना, मागेही जाईना. त्यांनाच इतकं कानकोंडं झालं की मीच म्हटलं, बाथरूम कुठे आहे हो? आणि सुटले. पुन्हा गेले नाही. कोणाला कशाला अडचणीत टाका?"

गार्गी एवढ्या वेळात खणांचा किल्ला करायला लागली होती. बाईंनी एक खण उचलला आणि छपरासारखा धरला. गार्गी म्हणाली, आयसोसेलिस. शिडीसारखा धरला. गार्गी म्हणाली, राइट-अँगल्ड. तोच खण, तीच पोर, पुन्हा तेच.

तेव्हा माझ्या डोक्यात आमचे गुरुजी आले. आमच्या ओवरीतल्या शाळेत फळा एकच, तोही चिरलेला. गुरुजी ज्वारीच्या चिपाडांचे त्रिकोण करायचे. दोन चिपाडं सारखी, एक आखूड, टोकं सुतळीने बांधलेली. आणि म्हणायचे, डोळे मीट. डोळे मिटून हातात घे. वर काय नि खाली काय, ते डोळ्याला दिसतं. हाताला नाही. हाताला फक्त लांबी कळते. वितीने माप आणि सांग. मी एकदा चिपाड मापता मापता चावून गोड लागतंय का बघितलं होतं, पण ती गोष्ट राहू दे.

मी हे बाईंना सांगितलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गाढवाचं विचारलं होतं."

आणि म्हणून, काल जिथं थांबलो होतो तिथं आलो बघा: गार्गीने डोळे गच्च मिटून तो खण दोन्ही हातांत घेतला. बाईंनी तो तिच्या हातात दोनदा फिरवला. गार्गी एक कडा चाचपत गेली, टोकापर्यंत. मग दुसरी. वीत लावली, पुन्हा पहिल्या कडेवर वीत लावली. तोंड उघडं. मग तिसरी कडा, ती लांब निघाली. बाई श्वास धरून उभ्या होत्या. मी सांगतो, परीक्षा गार्गीची नव्हती त्या वेळेला.

"टू आर सेम," गार्गी म्हणाली. मग अंगठा कोपऱ्यात गेला. "अँड हिअर... हिअर इज राइट अँगल." आणि डोळे उघडून खणाकडे असं बघितलं की जणू खणाने तिला फसवलं. "एः! बोथ!"

"बोथ," बाई म्हणाल्या.

"कॅन, आह?"

"कॅन," बाई म्हणाल्या. अस्सल इथल्या बोलीत! इतकी वर्षं राहूनही त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी गार्गीला कागदाच्या पट्टीवर खणाची तिकोनी घडी शिकवली, आणि कागदाचाच एक त्रिकोण करून तो मधोमध दुमडून दाखवला, काटकोनाच्या टोकापासून लांब बाजूच्या मध्यापर्यंत. कडेवर कड बसली. काटकोन सोडला तर उरलेले दोन कोनही एकमेकांवर बसले. म्हणजे ते सारखे, म्हणजे पंचेचाळीस-पंचेचाळीस. सगळं गार्गीनेच सांगितलं. त्या दिवसापासून पोरीला वेडच लागलं. हँगर दिसला की डोळे मीट. सँडविचचा अर्धा तुकडा आला की डोळे मीट. फूड कोर्टात ओल्या फरशीवर ती पिवळी पाटी उभी करतात ना, 'जपून चाला'ची, तिच्या बाजूला जाऊन ती डोळे मिटून चाचपायला लागली, तर सफाई करणारा अंकल म्हणाला, "गर्ल, यू ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, "ट्रायँगल, ट्रायँगल!" तो बिचारा लांबच गेला.

आता इथं घोटाळा झाला. त्याच बुधवारी निघताना गार्गीने सरावासाठी म्हणून त्यातला एक हिरवा खण दप्तरात घातला होता. कोणाला न सांगता. मी त्या वेळी बाल्कनीत होतो, बाई कपबश्या विसळत होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी चैत्रालीने दप्तर उपसलं आणि डब्याखालून खण निघाला.

"आबा, हे काय?"

"खण."

"ते दिसतंय मला. मधुवंती काकूंनी पाठवला?"

मी काय सांगणार? खण बाईंकडचा होता हे ओळखलं. तिकोनी घडी घातलेला होता. आपल्याकडे असा खण घरी आला तर तो दिलेलाच असतो, विसरलेला नसतो. मी म्हटलं, "पाठवला असेल तुझ्यासाठी."

चैत्राली सोफ्यावर बसली. "म्हणजे त्यांना कळलंय. सेंटरचं. बघा ना आबा, किती गोड पद्धतीने अडवलं मला."

"अगं, अडवतील कशाला?"

"मला आजच सेंटरचा फोन आला, शनिवारच्या बॅचला जागा झालीय. पुन्हा कधी होईल सांगता येत नाही म्हणे. मी हो म्हणून बसले. टेस्टपर्यंत थांबणार होते, पण जागा गेली असती. आणि आता हा खण." तिने तो हातात उलटासुलटा केला. "परत करता येत नाही. ठेवून घ्यायचा तर उलट ओटी भरायला हवी. आणि ओटी भरून सांगायचं काय, तर उद्यापासून ती येणार नाही?"

"सांगायचं तर आहेच."

"मग रिकाम्या हाताने सांगण्यापेक्षा बरं," ती म्हणाली. आणि तशीच उठून लिटिल इंडियात जाऊन नवा खण, नारळ, सगळं घेऊन आली. पोर माझी पद्धतीची आहे, त्यात बोट ठेवायला जागा नाही. आईने शिकवलंय तिला.

गार्गीला विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. ती तेव्हा पोहायला गेली होती.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं वर गेलो. ताट माझ्या हातात. लिफ्ट थांबली की नारळ एका कडेला आणि चालू झाली की दुसऱ्या कडेला. चैत्राली म्हणाली, "आबा, सरळ धरा." मी म्हटलं, "लिफ्टला सांग."

बाईंनी दार उघडलं. आम्हाला बघून, खरं तर गार्गीला बघून, चेहरा असा उजळला की मला ताट जड झालं. "अरे, आज चारची वाट नाही बघितली?"

"काकू, तुमचा खण मिळाला," चैत्राली म्हणाली, "म्हणून म्हटलं..." आणि सवयीने तिचं बोट ताटातल्या कुंकवाला लागलं आणि हात वर गेला. कपाळाच्या समोर आला. आणि तिथं तिला आठवलं.

हात थांबला.

ती गोष्ट मी बुधवारीच बाईंच्या तोंडून ऐकलेली होती, आणि आता ती माझ्या लेकीच्या हाताने पुन्हा घडत होती. पुढेही येईना, मागेही जाईना. बाईंची नजर त्या हातावर नव्हतीच. ती ताटातल्या नव्या खणावर होती. दुकानातल्यासारखी चौकोनी घडी, वर नारळ.

"कुठला खण?" बाई हळू म्हणाल्या. "मी नाही पाठवला."

"हा," चैत्रालीने दुसऱ्या हाताने पर्समधून हिरवा खण काढला.

"हा क्षिप्राचा आहे."

आणि मग सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. गार्गी एका पायावर उभी राहून दुसरा पाय खाजवत होती. "आय टूक इट. फॉर प्रॅक्टिस. आय वॉज गोइंग टू रिटर्न, ओके?"

चैत्रालीचा हात खाली आला. बोट लाल, पुसायचं कुठं ते कळेना. "म्हणजे तुम्ही..." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

बाई म्हणाल्या, "मग हे ताट निरोपाचं असेल."

मी नारळाकडे बघत होतो.

"शनिवारची बॅच मिळाली, काकू," चैत्राली म्हणाली. "आजपासूनच. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"असू दे. चांगली असतात सेंटरं," बाई म्हणाल्या. "सराव खूप घेतात." पण हात दाराच्या कडीवर गेला होता, उगाच वरखाली करत होता.

तेवढ्यात गार्गीने ताटातला नवा खण उचलला. जमिनीवर मांडी घालून बसली, दारातच. चौकोनी घडी उलगडली, लांब पट्टी केली, कोपरा तिरपा उचलला, पुन्हा सरळ, पुन्हा तिरपा, टोक आत खोचलं. जरा वाकडं झालं, पण झालं. उभी राहिली. "मम्मी, क्लोज युअर आइज."

"गार्गी, आत्ता नाही."

"क्लोज लाह!"

चैत्रालीने मिटले. गार्गीने तो खण तिच्या हातात दिला, फिरवून, आडवा, उलटा, कसाही. "नाउ टेल मी. व्हिच वन."

माझी लेक अकराव्या मजल्यावरच्या त्या पॅसेजमध्ये डोळे मिटून उभी राहिली. एका बोटाला कुंकू. एक कडा चाचपली, मग दुसरी. कुंकवाचं बोट खणाला लागू नये म्हणून ते वर धरलेलं. मग वीत लावली. मला एकदम तिच्या आईची आठवण आली, ती कापड असंच वितीने मापायची.

"या दोन सारख्या," चैत्राली म्हणाली.

"अँड?"

"आणि... हा कोपरा काटकोन."

"सो?"

"दोन्ही."

"सो द अदर टू अँगल्स, फॉर्टी-फाइव्ह, फॉर्टी-फाइव्ह," गार्गी म्हणाली. "दॅट वॉज द टेस्ट क्वेश्चन. मधू आजी टॉट मी. आबाज् टीचर टॉट हर."

चैत्रालीने डोळे उघडले ते थेट बाईंकडे. बाई तिच्याकडे नाही, त्या खणाकडे बघत होत्या. बऱ्याच वर्षांनी दारात आलेला तिकोनी खण, तोही निरोपाचा.

"काकू," लेक म्हणाली. लाल बोट तिने पुन्हा पुढे केलं, या वेळी विचारून. "ओटी भरू ना तुमची? चालेल ना?"

आता शनिवारी गार्गी त्या काचेच्या खोलीत जाते, ते काही टळलं नाही, आणि शनिवारी चार वाजता बाई काय करतात ते मी विचारत नाही. बुधवारी मात्र तुम्ही इथं चहाला आलात तर मी घरात सापडायचो नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि ते का, त्यासाठी बाई त्या दारात काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगतो, माझी त्यात भर नाही.

बाईंनी कपाळ जरासं पुढे केलं आणि म्हणाल्या:

"कुंकू लाव, नारळही ठेव. खण तेवढा परत ने, चैत्राली. खण देऊन गेलेल्या माझ्या कपाटात पुष्कळ आहेत. तू मला बुधवार दे."